गहाण पडलेला आवाज

‘सभागृहात बोलून काय होतं? बोलणारे पुष्कळ झाले. आम्हाला कामं आणणारा आमदार पाहिजे.’

हे वाक्य मी बेंगळुरूजवळच्या होसकोट्यात कानडीत ऐकलं आहे, दखनीत ऐकलं आहे आणि सांगली-सोलापूरकडून इथल्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या आपल्या माणसांच्या तोंडून मराठीतही ऐकलं आहे. जुन्या मद्रास रोडवर लॉऱ्यांच्या रांगेत बस अडकली की ते ऐकू येतं, पाण्याच्या टँकरची वाट पाहताना ऐकू येतं. बोलणारी माणसं कष्टाची असतात, त्रासलेली असतात, म्हणून तर मला ते जास्त लागतं. या वाक्याने त्यांच्या घरात एक घागर पाणी कधी आलेलं नाही. ते उपयोगी पडतं ते त्यांच्या मतांवर निवडून येऊन मग बाजू बदलणाऱ्यांना.

या म्हणण्याची सर्वांत भक्कम बाजू आधी मांडतो. लटकी बाजू पाडून दाखवण्यात अर्थ नाही. निधीच्या किल्ल्या सरकारकडे असतात. विरोधी बाकावरचा आमदार घसा कोरडा करतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आणि रस्ता मात्र शेजारच्या तालुक्यात होतो, कारण तिथला आमदार सत्तेत आहे. मतदाराला भाषण प्यायला येत नाही. तेव्हा जो आमदार सत्तेच्या बाजूला सरकतो तो मतदारांसाठीच सरकतो. पक्ष, शपथ, सभागृह या शिकलेल्या माणसांच्या गोष्टी. हा युक्तिवाद मी टाकाऊ मानत नाही. त्यात अनुभव आहे. पण त्याचा प्रत्येक सांधा खिळखिळा आहे, आणि तो कुठे निखळतो हे दाखवायला होसकोट्यासारखं दुसरं गाव नाही.

जुलै 2019 मध्ये कर्नाटकात कुमारस्वामींच्या आघाडी सरकारचे आमदार एकामागून एक राजीनामे देऊ लागले. होसकोट्याचे आमदार एम. टी. बी. नागराज त्यांत होते. पण ते नुसते आमदार नव्हते. ते गृहनिर्माण खात्याचे मंत्री होते. सत्तेच्या बाजूला असणं म्हणजे कामं, हे खरं असेल तर होसकोटे त्या दिवशी सत्तेच्या ऐन मध्यावर बसलं होतं. घरं बांधण्याचं अख्खं खातं तालुक्याच्या हातात होतं. तिथून उठून राजीनामा दिला गेला. म्हणजे ‘सत्तेत असल्याशिवाय कामं होत नाहीत’ हे कारण निदान या गावापुरतं लागू पडत नव्हतं. 23 जुलैला विश्वासदर्शक ठराव 99 विरुद्ध 105 मतांनी पडला, सरकार गेलं, आणि अध्यक्ष रमेशकुमार यांनी त्या महिनाअखेर एकूण 17 आमदारांना अपात्र ठरवलं. रमेशकुमार शेजारच्या कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरचे.

या 17 जणांचा खटला सर्वोच्च न्यायालयात ज्या नावाने गेला ते नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे: श्रीमंत बाळासाहेब पाटील विरुद्ध अध्यक्ष, कर्नाटक विधानसभा. श्रीमंत पाटील हे कागवाडचे, मिरजेला लागून असलेल्या मतदारसंघाचे आमदार. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवसांत ते बेंगळुरूच्या सभागृहात नव्हते, मुंबईच्या रुग्णालयात होते. 13 नोव्हेंबर 2019 ला न्यायालयाने निकाल दिला: राजीनामा दिला म्हणून अपात्रता पुसली जात नाही, मात्र विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवायची नाही, ही अध्यक्षांनी घातलेली बंदी टिकणार नाही. म्हणजे अपात्र ठरलात हे खरं, पण पुन्हा लोकांपुढे जाऊ शकता.

आणि लोकांपुढे ते गेले. 5 डिसेंबरला 15 जागांची पोटनिवडणूक झाली. होसकोट्यात हजार कोटींहून अधिक मालमत्ता जाहीर केलेले नागराज आता भाजपचे उमेदवार होते, आणि राज्यात सरकारही भाजपचंच होतं. ‘कामं आणणारा आमदार’ या वाक्यात जे जे बसतं ते सगळं त्यांच्या पारड्यात होतं. समोर अपक्ष उभे होते शरत बच्चेगौडा. होसकोट्याने त्या अपक्षाला 11,486 मतांच्या फरकाने निवडून दिलं. ज्याच्यामागे सरकार नाही, ज्याच्यामागे पक्षही नाही, असा माणूस निवडून द्यायचा म्हणजे पुढची साडेतीन वर्षं निधीवर पाणी सोडायची तयारी ठेवायची. गावाने ती ठेवली. ‘लोकांना तत्त्वाचं काही पडलेलं नसतं’ असं ज्यांना वाटतं त्यांनी या आकड्यापुढे थोडं थांबावं.

शरत बच्चेगौडा यांना मी संत ठरवत नाही. ते भाजपच्या तत्कालीन खासदारांचे चिरंजीव, त्याच पक्षातून बंडखोरी केलेले. या दोन घराण्यांची चुरस होसकोट्यात जुनी आहे आणि त्या निकालात तिचा वाटा होताच. पुढे त्यांनी काँग्रेसला पाठिंबा दिला आणि 2023 ला काँग्रेसच्याच चिन्हावर ते पुन्हा नागराज यांच्यावर निसटत्या मतांनी विजयी झाले. पण कोण चांगला याचा निवाडा मला करायचा नाही. डिसेंबर 2019 मध्ये गावापुढे सरळ प्रश्न होता, आमचं मत परत न विचारता दुसरीकडे नेलेलं चालेल का, आणि गावाने नाही म्हटलं.

इथे माझा प्रतिपक्ष उसळून म्हणेल, उरलेल्या जागांचं काय? त्याचं म्हणणं बरोबर आहे. अपात्र ठरलेल्यांपैकी 13 जणांना भाजपने उभं केलं आणि त्यांतले 11 निवडून आले. कागवाडही त्यांतच. ही गोष्ट झाकून हा लेख लिहिता येणार नाही. पण त्या अकरा निकालांमधून ‘पक्षांतर लोकांना मान्य आहे’ असं काढणं म्हणजे तहानलेल्या माणसाने नळाच्या मालकाला नमस्कार केला तर तो मालकाच्या पाया पडला असं म्हणण्यासारखं आहे. सरकार कोणाचं ते ठरून गेलं होतं. आता प्रश्न एवढाच उरला होता की आपला तालुका त्या सरकारच्या आत राहणार की बाहेर. ज्या व्यवस्थेत विरोधी आमदाराच्या मतदाराला रस्ता मिळत नाही, त्या व्यवस्थेत मतदाराने सत्तेला मत देणं ही त्याची पसंती नव्हे, त्याची अडवणूक आहे. आणि अडवणुकीवर उपाय म्हणून आमदारांनी तिकडे पळत जायचं, की सभागृहात उभं राहून ‘माझ्या तालुक्याचा निधी कोणत्या निकषावर कापला’ हे विचारायचं?

हाच प्रश्न मला 2022 च्या जूनमध्ये पडला होता. बंड करून सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्या महाराष्ट्रातल्या आमदारांची एक जाहीर तक्रार होती की आम्हाला निधी मिळत नाही. तक्रार खरी असू शकते. पण ती मांडायची जागा अर्थसंकल्पी अधिवेशनात असते. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या तिथे मंजुरीला येतात, त्यांवर कपात सूचना देता येते, मतदान मागता येतं. राज्याचा एकेक रुपया विधानसभेच्या मान्यतेशिवाय खर्च होत नाही. हा अधिकार हातात असलेला माणूस निधीसाठी हॉटेलात जातो आणि आपण म्हणतो, बिचारा काय करणार.

होसकोट्याच्या मतदाराला नंतर जे पाहावं लागलं ते तर अधिक जिव्हारी लागणारं. गावाने ज्यांना नाकारलं ते नागराज जून 2020 मध्ये आमदारांच्या मतांवर विधान परिषदेत गेले आणि जानेवारी 2021 मध्ये मंत्री झाले. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने अपात्र आमदाराला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही. परिषदेची निवड हीही निवडच, म्हणून उच्च न्यायालयातही ते कायद्यात बसलं. कायद्यात बसलं हे मी मान्य करतो. पण नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदान करून, दिवसभर रांगा लावून लोकांनी जे सांगितलं त्याचं वजन किती धरलं गेलं, हे विचारण्याचा अधिकार त्या रांगेतल्या प्रत्येकाला आहे.

‘सत्तेजवळ राहीन, तुमच्यासाठी काहीतरी आणीन’ ही भाषा लोकशाहीची नाही. ती जहागिरीची आहे, आणि या मातीला ती चांगली ठाऊक आहे. 1638 नंतर बेंगळुरूबरोबर होसकोटे, कोलार हा सगळा मुलूख विजापूरकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आला. तेव्हाच्या रयतेने पाण्यासाठी, सारासुटीसाठी जहागीरदाराच्या माणसाकडे जायचं, त्याने दरबारात शब्द टाकायचा, मिळालं तर कृपा. त्या काळात दुसरी वाट नव्हती. त्यात राजांचा दोष काढायचा नाही. काळच तसा होता. पण आपण साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतर आमदाराकडे दरबारी मध्यस्थ म्हणून पाहतो, त्याच्या घरासमोर अर्ज घेऊन उभे राहतो आणि त्याने पत्र दिलं की उपकार मानतो. हक्काची गोष्ट हक्काने मागायची जागा ज्याच्यासाठी निर्माण झाली, त्यानेच ती जागा निरर्थक आहे असं शिकवावं, हे मला सहन होत नाही.

त्या जागेचा पाया याच संस्थानात घातला गेला. 1881 मध्ये म्हैसूरचं राज्य वडियार घराण्याला परत मिळालं आणि त्याच वर्षीच्या दसऱ्याला दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा बोलावली. 144 प्रतिनिधी, तालुक्यातालुक्यांतून आलेले शेतकरी आणि व्यापारी. हिंदुस्थानातल्या संस्थानांमधली ही पहिली अशी सभा. तिच्या हातात काय होतं? काहीही नाही. मतदान नाही, ठराव बंधनकारक नाही, निधी तर नाहीच. दिवाण वर्षाचा हिशेब वाचून दाखवायचे आणि प्रतिनिधींनी आपापल्या तालुक्याचं गाऱ्हाणं उभं राहून सांगायचं. बस्स, एवढंच. आजच्या ‘कामं आणणारा’ या मापाने मोजलं तर त्या 144 जणांनी घरी बसायला हवं होतं. पण त्या नुसत्या बोलण्यानेच दिवाणाला उत्तर देण्याची सवय लावली. राज्य चालवणाऱ्याने रयतेच्या माणसासमोर उभं राहून हिशेब द्यायचा असतो, ही गोष्ट रूढ झाल्यावरच पुढची पायरी आली. 1907 मध्ये म्हैसूरची विधान परिषद स्थापन झाली ती दिवाण व्ही. पी. माधवराव यांच्या काळात. विश्वनाथ पाटणकर माधवराव, तंजावरकडचे मराठी. बेंगळुरूच्या विधानसौधातल्या वरच्या सभागृहाची परंपरा त्या परिषदेपासून सुरू होते, आणि तिच्या जन्माशी एक मराठी नाव जोडलेलं आहे.

आता ‘बोलून काय होतं’ याला मुंबई इलाख्यातलं उत्तर. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. ठराव म्हणजे शिफारस. त्यावर एक विहीर खणली गेली नाही, एक रुपया निघाला नाही. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं करण्याचं ठरवलं, आणि तरीही तिथे कोणाला पाणी भरू दिलं गेलं नाही. इथवर पाहिलं तर माझा प्रतिपक्ष जिंकला असं दिसतं. पण 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले तेव्हा त्यांच्या पाठीशी तो ठराव होता. ते कोणाकडे दया मागायला गेले नव्हते. कायदेमंडळात मान्य झालेला हक्क बजावायला गेले होते. 1937 मध्ये उच्च न्यायालयाचा निकालही त्यांच्या बाजूने लागला. सभागृहात उच्चारलेलं एक वाक्य चार वर्षांत तळ्यापर्यंत आणि चौदा वर्षांत न्यायालयापर्यंत चालत गेलं. ज्या दिवशी ते उच्चारलं गेलं त्या दिवशी कुणीतरी नक्की म्हणालं असेल, बोलून काय होतं.

पराभूत झालेलं बोलणंसुद्धा वाया जात नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. 1912 च्या मार्चमध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळलं गेलं. आपण हरणार हे गोखल्यांना ठाऊक होतं. पण सहा वर्षांत, 1918 मध्ये, मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांच्या क्षेत्रासाठी तसा कायदा झालाच.

आणि पैशाचंच म्हणाल, तर रोजगार हमी घ्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात करून पाहिली, 1972 च्या दुष्काळाने तिची गरज राज्यभर दाखवली, आणि 1977 मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचं रूप दिलं. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की पैसा कुठून येणार हेही तिथेच ठरलं. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला जोडला गेला. एका आमदाराने सत्तेच्या बाजूला सरकून आपल्या तालुक्यापुरता एखादा तलाव आणला असता. सभागृहात बसलेल्यांनी संपूर्ण राज्यातल्या मजुराला काम मागण्याचा हक्क दिला, आणि 2005 मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. कुठलं काम मोठं?

‘पण ती मोठी माणसं होती, आमच्या आमदाराच्या प्रश्नाने काय होणार?’ याला उत्तर तालुक्याच्या कचेरीत मिळतं. महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही कचेऱ्यांतून एक शब्द ऐकू येतो: एलएक्यू. विधानसभेतला प्रश्न. आमदाराने तारांकित प्रश्न दिला की तो खात्याकडे जातो, खात्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे, आणि कधी नव्हे ती फाइल कपाटातून बाहेर निघते. किती बोअरवेल मंजूर झाल्या, किती खणल्या, किती कोरड्या गेल्या, कंत्राटदाराला बिल कधी दिलं, हे सगळं आकड्यांत लिहून वर पाठवावं लागतं. मंत्र्याला ते छापील उत्तर म्हणून सभागृहाच्या पटलावर ठेवावं लागतं. खोटं उत्तर दिलं तर हक्कभंगाची टांगती तलवार. उपप्रश्नात मंत्री जर म्हणाले की तीन महिन्यांत काम पूर्ण करू, तर ते आश्वासन समितीच्या नोंदीत जातं. कानडीत तिला भरवसे समिती म्हणतात. हा सगळा खटाटोप एका कागदावरच्या चार ओळींमुळे होतो. आमदाराचं शिफारसपत्र मात्र कचेरीत आलं तसं टाचणीला लागून राहतं. त्याचं उत्तर द्यायला कोणी बांधील नसतं.

होसकोट्याला विचारायला प्रश्न थोडे आहेत का? गावाचं ते मोठं तळं, दक्षिण पिनाकिनी नदीच्या वाटेवरचं, जुन्या गॅझेटियरमध्ये ज्याच्या बांधाच्या लांबीचं कौतुक आहे, ते उन्हाळ्यात पाहवत नाही. बोअरवेल हजार फुटांच्या खाली गेल्या. या दुष्काळी पट्ट्यासाठी, म्हणजे कोलार, चिक्कबळ्ळापूर आणि बेंगळुरू ग्रामीणसह इतर जिल्ह्यांसाठी, येत्तिनहोळे प्रकल्प आखला गेला. 2012 मध्ये त्याचा अंदाजित खर्च 8,323 कोटी होता. तो वाढत 23,251 कोटींवर गेला. पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं 6 सप्टेंबर 2024 ला. बारा वर्षं गेली, पैसा जवळजवळ तिप्पट झाला; आमच्या तालुक्याच्या वाट्याला किती पाणी, कोणत्या साली? हा प्रश्न कंत्राटदाराला मी विचारू शकत नाही, अभियंत्याला विचारला तर तो मला बाहेर जायला सांगेल. मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडणारा एकच माणूस आहे, ज्याला आम्ही निवडून दिलं तो. त्याने स्थानिक विकास निधीतून बांधलेल्या बसथांब्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं म्हणजे ही जबाबदारी फिटत नाही. कर्नाटकात आमदाराला त्या निधीतून वर्षाला 2 कोटी मिळतात. मतदारसंघात दोन लाखांहून अधिक मतदार. माणशी शंभर रुपयेही येत नाहीत. तेवीस हजार कोटींचा हिशेब विचारण्याचा हक्क सोडून आपण शंभर रुपयांच्या बसथांब्याला ‘काम’ म्हणू लागलो आहोत.

आमदाराने कामं वाटायची की राज्यकारभाराला जाब विचारायचा, हा वाद आपल्यापुरता नाही. केनियात 2003 पासून मतदारसंघ विकास निधी आहे आणि तिथलं राजकारण बरंचसं त्याच्याभोवती फिरतं. 8 ऑगस्ट 2022 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निधीचा 2013 चा कायदा घटनाबाह्य ठरवला; कायदे करणाऱ्याने आणि सरकारवर देखरेख ठेवणाऱ्यानेच अंमलबजावणीत उतरायचं, हे सत्ताविभाजनात बसत नाही असं त्या निकालाचं सार. तोवर 2015 चा नवा कायदा आला होता, तेव्हा निधी काही थांबला नाही. पण न्यायालयाने मुद्द्यावर बोट ठेवलं. त्याच देशाच्या 2010 च्या राज्यघटनेत 119 वं कलम आहे: कोणत्याही व्यक्तीला संसदेकडे विनंती अर्ज करण्याचा हक्क. गावातल्या कुणाचाही अर्ज नैरोबीच्या सभागृहात वाचला जाऊन समितीकडे जाऊ शकतो. आणि 2024 च्या जूनमध्ये सभागृहाने लोकांचं ऐकलं नाही, करवाढीचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा तरुण मुलं संसदेच्या दारापर्यंत आणि आतपर्यंत गेली. माणसं मेली. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी त्या विधेयकावर सही केली नाही. आत बोलणारा माणूस गप्प बसला की बाहेर काय होतं, ते नैरोबीत दिसलं.

आपल्याकडे न्यायालयानेही आवाजाची किंमत ओळखली आहे. जुलै 2021 मध्ये महाराष्ट्र विधानसभेने भाजपच्या 12 आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं. 28 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो: आमदाराला वर्षभर बाहेर ठेवलं तर शिक्षा मतदारसंघाला होते, जागा रिकामी झाली तर निदान सहा महिन्यांत निवडणूक होते, इथे जागा भरलेली आणि तोंड बंद. त्या 12 जणांचं राजकारण कुणाला पटो न पटो, त्यांच्या मतदारांचा आवाज तोडता येत नाही. मग जो आमदार स्वतःहून गप्प बसतो, पाच वर्षांत एक प्रश्न देत नाही, त्याच्या मतदारसंघाला कोणती शिक्षा चालू आहे?

सभागृह भरतंच कमी, हेही खरं आहे. कर्नाटकाने 2005 मध्ये कायदाच केला की विधिमंडळाचं कामकाज वर्षाला किमान 60 दिवस चालावं; बहुतेक वर्षी तो आकडा गाठला गेलेला नाही. हा मुद्दा लोक माझ्याविरुद्ध वापरतात: ‘बघा, सभागृहच निकामी आहे.’ विहीर गाळाने भरली तर ती उपसायची असते. गाळ टाकणाऱ्यालाच ‘विहिरीत पाणी नाही’ असं म्हणण्याची मुभा कशी द्यायची?

सभागृहातल्या बोलण्यावरच निवडून आलेली माणसंही आहेत. मधु लिमये पुण्याचे. निवडून आले बिहारमधून, मुंगेर आणि बांका इथून. जात, भाषा, पैसा यांतलं काहीही हाताशी नसताना एका मराठी माणसाला तिथल्या लोकांनी पुन्हा पुन्हा लोकसभेत पाठवलं ते कशासाठी? नियमांची पुस्तकं काखेत घेऊन सभागृहात येणारा, मंत्र्यांना घाम फोडणारा माणूस म्हणून. सत्तेजवळ ते क्वचितच होते. आणीबाणीत ते तुरुंगात होते. 1976 च्या मार्चमध्ये लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपली आणि सरकारने ती वाढवून घेतली. लिमये यांनी तुरुंगातून लोकसभेचा राजीनामा पाठवला. लोकांनी मला पाच वर्षांसाठी पाठवलं होतं, ती मुदत संपली, पुढचा एक दिवसही माझा नाही, हा त्या राजीनाम्याचा अर्थ. सदस्यत्व राहिलं असतं तर तुरुंगातही काही सवलती, काही मान राहिला असता. तो सोडला. 2019 चे राजीनामेही राजीनामेच होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत, आणि ‘राजकारणी सगळे सारखेच’ हे वाक्य त्यानंतरही उच्चारता येतं का ते ज्याने त्याने ठरवावं.

भाषेचा प्रश्न इथे कुणीतरी काढतोच. घटनेच्या 210 व्या कलमात तरतूद आहे की राज्याच्या भाषेत नीट बोलता न येणाऱ्या सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. घटनाकारांना आवाज आत यायला हवा होता, मग तो कोणत्याही भाषेत येवो. होसकोट्याचा प्रतिनिधी कानडीतच बोलेल, त्याने कानडीतच बोलावं. इथे राहणाऱ्या मराठी माणसाचं पाण्याचं गाऱ्हाणं कानडीत मांडलं गेलं तरी ते त्याचंच राहतं.

पुढच्या वेळी प्रचाराची जीप आमच्या गल्लीत आली की मी रस्ता मागणार नाही, दिवा मागणार नाही. उमेदवाराला आत बोलावून चहा देईन आणि एक कागद मागेन. आधी आमदार असलेल्याने गेल्या पाच वर्षांत विचारलेले प्रश्न तारखेसह त्यावर लिहून द्यावेत. नव्याने येणाऱ्याने पहिल्या अधिवेशनात विचारणार असलेले पाच लिहून द्यावेत. त्यांत येत्तिनहोळेच्या पाण्याचा एक असलाच पाहिजे. कागद कोरा आला तर तो मी फाटकाला चिकटवून ठेवीन.